शुक्रवारपर्यंत

गंगावेशीतली महापालिकेची शाळा, दुसरी ब.
खिडकीखाली रिक्षा स्टँड,
म्हणून आमचे पाढे हॉर्नच्या ठेक्यावर.

वरून कागद आला:
मुलांना ध्येय ठरवायला शिकवा. अहवाल पाठवा.
मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ध्येय.
धैर्यशील इंगवलेनं वाचलं, "देय".
"लाइटबिलावर असतंय की, बाई."

विचारलं, मोठेपणी कोण होणार?
एकवीस पोलीस, सात डॉक्टर,
दोन पैलवान, एक यूट्यूब.
बत्तिसावी आरोही लोहार
खोडरबराचे बारीक तुकडे करत होती.

घरी भाकरी थापताना जाणवलं,
मी पोरांना जोतिबाचा डोंगर दाखवला,
एसटी कुठं लागते ते सांगितलंच नाही.

सोमवारी फळा पुसला. लिहिलं, शुक्रवार.
तेवढ्यात काय जमवायचं, ते सांगा.

झोया बागवान उठली. "मी बुटाची नाडी बांधतो. एकटा."
(आमच्याकडं पोरीसुद्धा जातो, येतो, बांधतो.
डी.एड.ला पुण्यात गेल्यावर
मला हसले होते, तेव्हा कळलं.)
पार्श्व चौगुलेला सातचा पाढा
एकोणपन्नासला न अडखळता म्हणायचा होता.
धैर्यशीलचे वडील रात्री दूध कट्ट्यावर म्हैस पिळतात.
"मी चरवी धरणार. सांडायचं नाही."
कुणाला शिट्टी, कुणाला कारल्याची एक फोड,
कुणाला अंधारात संडासापर्यंत.

मग आरोही, बसल्या जागेवरनं:
"बाई, दुसऱ्यानं करायचं असलं
तर चालतंय?"

मला उत्तर आलं नाही.
माझ्या डी.एड.च्या वह्यांत हा प्रश्न नव्हता.
मधली सुट्टी झाली, खिचडी आली,
मी वाढप करत तिच्या ताटलीपाशी
गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.
आई दिवाळीला येते म्हणाली होती.
आता संक्रांत होऊन गेलेली.
"त्यातलं," मी म्हटलं, "तुझ्या हातात काय आहे, बघूया का?"
तिनं हात उलटे करून बघितले.
खोडरबराचा भुगा होता.

"आणि तुमचं काय, बाई?" पोरं सोडतात होय!
म्हटलं, रंकाळ्याची एक फेरी. न थांबता.

शुक्रवार.
झोयाची उजवी नाडी टिकली, डावी प्रार्थनेतच सुटली.
पार्श्व एकोणपन्नास ओलांडून गेला
आणि त्या आनंदात छप्पन्न विसरला.
धैर्यशीलनं दूध सांडलं. "पण थोडंच, बाई.
म्हशीनंच पाय हलीवला."
कारलं खाल्लं गेलं नाही. शिट्टी वाजली,
आणि पुढं दिवसभर वाजत राहिली.
माझी फेरी संध्यामठाजवळ संपली.
तिथं मी भेळ खाल्ली.
हे सांगितल्यावर वर्गाला जो आनंद झाला,
तो अहवालात कुठल्या रकान्यात घालू?
रकाने दोनच: साध्य, असाध्य.
मी पट्टी घेऊन मधे तिसरा आखला.
वर लिहिलं, चाललंय.

आरोही उभी राहिली. हात मागं बांधलेले.
"मी आईचा नंबर पाठ केला.
मामाच्या फोनमधनं बघून. दहाच्या दहा आकडे.
लागतोय का ते माहीत न्हाई."

म्हणून दाखव, मी म्हटलं.
ती म्हणाली, नऊ.
आणि सवयीनं, पाढाच आहे असं समजून,
अख्खा वर्ग तिच्या मागनं म्हणाला, नऊ!
ती दचकली. मग म्हणाली, आठ.
आठ!
खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता.
सातव्या आकड्याला ती थोडी थांबली.
एकतीस पोरं तोंड उघडी ठेवून
तिच्यासाठी थांबली.